चषकाचं आयुष्य

डहाणू-जव्हार रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे कापतो तिथे, चारोटी नाक्यावर, भातकापणी आटोपली की फ्लेक्स लागायला सुरुवात होते. भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. अमुक चषक, तमुक चषक. मधोमध एखाद्या पुढाऱ्याचा नाहीतर अकाली गेलेल्या मित्राचा फोटो, खाली प्रवेश फी, रोख बक्षिसांचे आकडे, उत्कृष्ट फलंदाजाला बॅट, मालिकावीराला सायकल. आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘पर्व पहिले’. ‘पर्व दुसरे’ही बऱ्यापैकी दिसतात. पाचव्याच्या पुढे गेलेली स्पर्धा मात्र शोधावी लागते.

स्पर्धा बंद का पडली असं विचारलं की उत्तरं ठरलेली. पैसे कमी पडले. पोरांचं आपसांत बिनसलं. ज्याच्या नावाने चषक होता तो निवडणुकीत पडला. किंवा निवडून आला आणि मग त्याला गरज उरली नाही. यांतलं एकही उत्तर खोटं नाही, पण त्यांतून फार तर स्पर्धा कधी मेली ते कळतं. का मेली ते कळायला ती जन्मली कशी हे आधी बघावं लागतं. माझं म्हणणं असं की कुठलीही स्पर्धा एखाद्या रिकाम्या जागेत जन्माला येते. ती जागा नेमकी कोणाची आणि किती दिवस रिकामी राहणार, यावर तिचं आयुष्य ठरतं. चषक किती उंच आणि बक्षीस किती हजारांचं, हे सगळं नंतरचं.

हे तपासून बघायचं तर उदाहरण असं हवं की जिथे जागा रिकामी कधी झाली आणि भरली कधी, हे दोन्ही तारखेनिशी सांगता येईल. आपल्याकडच्या स्पर्धांची दप्तरं कोण ठेवतो? म्हणून थोडं लांब जाऊ.

२९ मे १९८५. ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात फुटबॉलच्या युरोपियन कपचा अंतिम सामना होता. सामना सुरू होण्याआधी लिव्हरपूलचे पाठीराखे शेजारच्या भागातल्या प्रेक्षकांवर धावून गेले, पळापळ झाली, एक भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली, त्यांतली बहुतेक इटलीची. काही दिवसांतच इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपातल्या स्पर्धांची दारं बंद झाली. मुदत ठरली नव्हती. शेवटी ती पाच वर्षांची भरली, लिव्हरपूलसाठी सहा.

त्या मोसमात युरोपात जायचा हक्क कमावलेले सहा क्लब होते: एव्हर्टन, मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, टॉटनहॅम, साउथॅम्प्टन आणि नॉर्विच. नॉर्विचचं दुःख सगळ्यांत मोठं. त्यांनी त्या वर्षी लीग कप जिंकला होता, इतिहासात पहिल्यांदा युरोपचं तिकीट हाती आलं होतं, आणि त्याच मोसमात ते पहिल्या डिव्हिजनमधून खालीही घसरले होते. एका हाताने मिळालेलं सांत्वनही दुसऱ्याने काढून घेतलं.

फुटबॉल लीगने या सहा जणांसाठी एक स्पर्धा काढली. नाव सुपर कप. तीन-तीन संघांचे दोन गट, मग उपांत्य फेरी, मग घरी-दारी असे अंतिम सामने. कागदावर हिशेब चोख होता. बुधवारच्या संध्याकाळी मोकळ्या पडल्या होत्या, त्या भरल्या. तिकीटविक्रीचं उत्पन्न बुडणार होतं, त्याची थोडी भरपाई झाली.

पण रिकामं काय झालं होतं? युरोपियन सामन्याच्या रात्री लोक मैदानावर जात ते मिलान, माद्रिद, म्युनिक बघायला. कधी न पाहिलेल्या कपड्यांतला, कधी न पाहिलेल्या पद्धतीने खेळणारा संघ बघायला. त्या जागी एव्हर्टनसमोर मँचेस्टर युनायटेड उभं केलं, तर ते दोघे लीगमध्ये वर्षातून दोनदा भेटतच होते. तारखा भरल्या, जागा रिकामी ती रिकामीच. त्यात त्या मोसमाचे पहिले काही महिने लीग आणि टीव्हीवाले यांचं पैशांवरून फाटलेलं होतं, त्यामुळे सामने टीव्हीवर दिसतच नव्हते. स्पर्धेला प्रायोजकही फार उशिरा मिळाला: स्क्रीनस्पोर्ट नावाची एक उपग्रह वाहिनी.

अंतिम सामन्याचं काय झालं ते थोडं जवळून बघण्यासारखं आहे. लिव्हरपूल आणि एव्हर्टन, एकाच शहरातले दोन संघ, अंतिम फेरीत आले. दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेत शहर वेडं झालं असतं. पण त्याच मोसमात लीगच्या विजेतेपदासाठी हेच दोघे शेवटपर्यंत झुंजत होते, आणि एफए कपच्या अंतिम सामन्यातही हेच दोघे होते. १० मे १९८६ ला वेम्बली स्टेडियमवर लिव्हरपूलने ३-१ असा तो कपही जिंकला. मग सुपर कपच्या अंतिम सामन्याला दिवस उरलाच नाही. तो पुढच्या मोसमात ढकलला. सप्टेंबर १९८६ मध्ये लिव्हरपूलने घरच्या मैदानावर ३-१ आणि एव्हर्टनच्या मैदानावर ४-१ असा तो उरकला. इयान रशने दोन सामन्यांत मिळून पाच गोल केले. ज्याला सुपर म्हटलं त्या स्पर्धेचा अंतिम सामना शिळ्या भाकरीसारखा दुसऱ्या दिवशी संपवला गेला, आणि ती स्पर्धा पुन्हा कधी झाली नाही. आयुष्य एक मोसम.

इथे कोणी म्हणेल, मग यात नवल काय? बळंच काढलेली स्पर्धा बळंच संपली. पण त्याच १९८५ मध्ये आणखी एक स्पर्धा सुरू झाली आणि ती सात वर्षं चालली. खरी गंमत तिच्यात आहे.

तिचं नाव फुल मेंबर्स कप. नाव रुक्ष, कारण ते लीगच्या घटनेतून उचललेलं. पहिल्या दोन डिव्हिजनचे क्लब लीगचे पूर्ण सभासद, त्यांना मताचा अधिकार पुरा. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनचे ते सहयोगी. सहयोगींसाठी १९८३-८४ पासून वेगळी स्पर्धा होतीच, ती असोसिएट मेंबर्स कप. आता पूर्ण सभासदांसाठीही एक काढली. पहिल्या वर्षी जेमतेम निम्मे क्लब उतरले. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, टॉटनहॅम अशी बडी मंडळी या स्पर्धेकडे शेवटपर्यंत फिरकलीच नाहीत. प्रायोजक बदलत गेले तशी नावं बदलली. आधी सिमॉड कप, मग झेनिथ डेटा सिस्टिम्स कप. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. सुरुवातीच्या फेऱ्यांत स्टँड ओस पडलेले असत.

आणि तरी २३ मार्च १९८६ ला, पहिल्याच अंतिम सामन्याला, वेम्बलीवर साठ हजारांहून जास्त माणसं आली. चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी. दोन्ही संघ आदल्याच दिवशी, शनिवारी, लीगचे सामने खेळलेले. सिटी तर युनायटेडशी शहरातली डर्बी २-२ अशी खेळून आली होती. आज असं वेळापत्रक आखलं तर प्रशिक्षक राजीनामा देतील. रविवारी सिटीने पहिला गोल मारला. मग चेल्सीने पाच मारले, त्यांतले तीन डेव्हिड स्पीडीचे. ५-१. सिटीचे पाठीराखे उठून चालायला लागले असणार. तेवढ्यात शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल झाले, त्यांतला एक चेल्सीच्याच बचावपटूचा स्वतःवर. ५-४ वर शिट्टी वाजली.

ही माणसं कशासाठी आली होती? चषकासाठी नक्कीच नाही. तो चषक आठवडाभरापूर्वी कोणी ओळखलाही नसता. ती वेम्बलीसाठी आली होती. चेल्सीने त्याआधीचा मोठा चषक १९७१ मध्ये जिंकला होता. त्यानंतर वयात आलेल्या पोरांनी आपला संघ वेम्बलीच्या पायऱ्या चढून चषक उचलताना कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे या स्पर्धेनेही एक जागा भरली होती, फक्त आयोजकांच्या मनात होती ती नव्हे. आयोजकांना वाटत होतं की युरोप गेलं ती पोकळी आपण भरतोय. प्रत्यक्षात भरली ती मधल्या क्लबांची पोकळी, ज्यांच्या वाट्याला युरोपही नव्हतं आणि वेम्बलीही नव्हतं.

पुढच्या विजेत्यांची नावं वाचली की हे आणखी स्पष्ट होतं. १९८७ मध्ये ब्लॅकबर्न, १९८८ मध्ये रेडिंग, १९९१ मध्ये क्रिस्टल पॅलेस. रेडिंगने अंतिम सामन्यात लूटनला ४-१ असं हरवलं. लूटन तेव्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये होतं, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी आर्सेनलला हरवून लीग कप जिंकला. रेडिंग मात्र त्या मोसमाअखेर तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं. घसरलं म्हणजे पूर्ण सभासद राहिलं नाही, म्हणजे पुढच्या वर्षी स्वतःच जिंकलेल्या चषकासाठी त्यांना उतरताही आलं नाही. गतविजेत्यालाच प्रवेश नाही! नियम बरोबर होता, कोणी कोणावर अन्याय केला नव्हता. पण ज्यांना त्या चषकाची खरी भूक होती आणि ज्यांच्या नावाने तो काढला होता, ती माणसं वेगवेगळी होती, हे त्या एका गोष्टीत उघडं पडतं.

मग १९९०-९१ ला युरोपची बंदी उठली, पहिल्याच वर्षी मँचेस्टर युनायटेड कप विनर्स कप जिंकून आलं. १९९२ मध्ये पहिल्या डिव्हिजनचे सगळे २२ क्लब लीगमधून फुटून निघाले आणि प्रीमियर लीग सुरू झाली. फुल मेंबर्स कपचा शेवटचा अंतिम सामना त्याच वर्षी मार्चमध्ये झाला, नॉटिंगहॅम फॉरेस्टने साउथॅम्प्टनला ३-२ हरवलं. पुढे ती स्पर्धा ठेवायची कोणासाठी? पूर्ण सभासदांतला वरचा अर्धा भागच निघून गेला होता.

आता त्याच काळातला तो दुसरा, खालच्यांचा चषक बघा. असोसिएट मेंबर्स कपची नावं तर याहून जास्त वेळा बदलली. फ्रेट रोव्हर, शेर्पा व्हॅन, लेलँड डॅफ, ऑटोग्लास, जॉन्स्टन्स पेंट. मोटारींपासून काचेपर्यंत आणि काचेपासून रंगापर्यंत ज्याने पैसे दिले त्याचं नाव. पहिल्या फेऱ्यांना त्यांच्याकडेही माणूस नसे. प्रायोजक गेला म्हणून स्पर्धा मेली असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं: प्रायोजक एकामागून एक गेले आणि ती स्पर्धा अजून चालू आहे. मोठ्या क्लबांचे कुमार संघ तिच्यात घुसवले तेव्हा खालच्या क्लबांचे पाठीराखे चिडले, बहिष्कार झाले. आणि २०१९ च्या अंतिम सामन्याला, पोर्ट्समाउथ विरुद्ध संडरलंड, वेम्बलीवर ८५,०२१ माणसं होती. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या क्लबाला वेम्बली गाठायची दुसरी वाट चाळीस वर्षांपूर्वी जवळजवळ नव्हती, आजही बढतीच्या प्ले-ऑफपलीकडे फारशी नाही. ती पोकळी युरोपच्या बंदीसारखी कोणाच्या निर्णयाने आली नव्हती, म्हणून कोणाच्या निर्णयाने गेलीही नाही.

माझ्या म्हणण्यावर मोठा आक्षेप मुंबईतूनच घेता येतो. रोव्हर्स कप. १८९१ साली सुरू झालेला फुटबॉलचा चषक, पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. तो काही वर्ष-दोन वर्षांची सोय म्हणून काढलेला चषक नव्हता. ब्रिटिश पलटणींचा तो खेळ. मोहन बागानने १९२३ मध्ये अंतिम फेरी गाठली, पण चषक एका भारतीय संघाच्या हातात पडायला १९३७ उजाडलं, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांनी सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं तो जिंकला. कूपरेज मैदानावर जागा मिळवण्यासाठी गिरणगावापासून भेंडीबाजारापर्यंतची माणसं येत. शंभराहून जास्त वर्षं चाललेली ही स्पर्धा २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. मग रिकामी जागा वगैरे कुठे गेलं?

माझ्या मते इथेही तेच झालं, फक्त जागा रिकामी राहण्याचा काळ लांब होता. देशभरातले क्लब एकमेकांशी भिडतील अशी राष्ट्रीय लीग भारतात नव्हती. कलकत्त्याचा संघ, हैदराबादचा संघ, पंजाबचा संघ यांच्यात श्रेष्ठ कोण हे ठरवायचं कुठे? ड्युरँड, आयएफए शील्ड आणि रोव्हर्स, मुख्यतः या तीन ठिकाणी. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग आली आणि तो प्रश्न लीगमध्ये सुटू लागला. त्यानंतर रोव्हर्स पाच वर्षं टिकला. प्रीमियर लीग आली आणि फुल मेंबर्स कप गेला. नॅशनल लीग आली आणि रोव्हर्स गेला. एक सात वर्षांचं पोर, एक एकशे दहा वर्षांचा म्हातारा, आणि आजार एकच.

ड्युरँड मात्र जगला. १८८८ मध्ये सिमल्यात जन्मलेला तो चषक दिल्लीला उतरला, मग गोव्याला गेला, २०१९ पासून कलकत्त्यात स्थिरावला आणि मोसमाच्या तोंडाशी, लीग सुरू होण्याआधीच्या मोकळ्या आठवड्यांत जाऊन बसला. त्याच्या मागे लष्कर होतं, हे खरं. पण लष्कराने पैशांइतकीच मोलाची दुसरी गोष्ट केली, गाव आणि महिना बदलायची तयारी दाखवली. रोव्हर्सला कूपरेज सोडून कुठे जायचं हे कोणी विचारलंच नाही.

एक उदाहरण माझ्या हिशेबात बसत नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. मुंबईचं पंचरंगी क्रिकेट. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि बाकीचे असे पाच संघ. स्टेडियम तुडुंब भरत, रणजीची गर्दी त्याच्या पासंगालाही पुरत नसे. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर बेतलेल्या या सामन्यांना विरोध केला, १९४६ मध्ये ते कायमचे थांबले. तिथे लोकांची भूक संपली नव्हती. ती स्पर्धा थांबवली गेली, आणि थांबवली ते योग्यच झालं. आपण बोलतोय ते आपोआप मरणाऱ्या स्पर्धांबद्दल.

आपल्याकडच्या फ्लेक्सवरच्या स्पर्धा अशाच आपोआप मरणाऱ्या. चारोटी, कासा, तलासरीकडच्या पाड्यांवर रिकामा वेळ सगळ्यांचा एकाच वेळी नसतो. भात झोडून घरात आला की कितीतरी घरं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, काही पोरं बोटींवर. ती परततात होळीला, फार तर चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा भरते तेव्हा. जानेवारीत जो गावात असतो तो दुकानदार, शिक्षक, कॉलेजचा पोरगा, वापी-बोईसरला पाळीवर जाणारा कामगार. त्याचा रिकामा वेळ म्हणजे रविवार. दोघांनाही क्रिकेट हवं, पण एकाच महिन्यात नाही. कापलेल्या शेताची ढेकळं फोडून, पाणी मारून, दाबून पट्टी तयार होते. बांध हीच सीमारेषा, त्याच्यावर उभा असलेला क्षेत्ररक्षक एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून पंचाशी हुज्जत घालतो. हे सगळं जानेवारीत होतं, कारण पाहुण्यांना जानेवारी सोयीचा आणि निवडणुका बहुधा त्याच सुमाराला घोळत असतात. पाड्यावरचे अर्धे चांगले गोलंदाज तेव्हा विटा थापत असतात. मग बाहेरून खेळाडू आणावे लागतात, त्यांना पैसे द्यावे लागतात, फी वाढते, गावातला संघ पहिल्याच फेरीत बाद होतो आणि गावाचा रस जातो. पुढल्या वर्षी पैसे कमी पडतात. पैसे कमी पडले हे खरंच असतं. पण ते साखळीच्या शेवटच्या कडीला.

इंग्लंडातल्या आणखी एका मेलेल्या चषकाचं सांगायचं राहिलं. वॉटनी कप, एका बिअर कंपनीच्या नावाचा, १९७० ते १९७३. गेल्या मोसमात सर्वाधिक गोल करणारे, पण बढती न मिळालेले आणि युरोपात न जाणारे, प्रत्येक डिव्हिजनचे दोन-दोन संघ. खेळायचं ऑगस्टमध्ये, लीग सुरू व्हायच्या आधी. चार वर्षांत संपला. पण ५ ऑगस्ट १९७० ला हलमध्ये उपांत्य सामना बरोबरीत सुटला. पुन्हा खेळायला दिवस नव्हता. म्हणून इंग्लंडमध्ये पहिल्यांदा निकाल पेनल्टी शूटआउटने लावला. मँचेस्टर युनायटेडच्या जॉर्ज बेस्टने पहिली मारली, ती आत गेली. डेनिस लॉची हलच्या गोलरक्षकाने, इयान मॅककेचनीने, अडवली. शूटआउटमध्ये पेनल्टी हुकवणारा इंग्लंडमधला पहिला माणूस लॉ. शेवटी बरोबरी राखायची जबाबदारी मॅककेचनीवरच आली. त्याने चेंडू क्रॉसबारवर मारला आणि हल हरलं. १९८२ मध्ये सेव्हिलला पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्यातली वर्ल्ड कपची उपांत्य फेरी याच पद्धतीने सुटली, कारण त्या रात्रीही पुन्हा खेळायला दिवस नव्हता.